सुईआधीची टेस्ट



दवाखान्यात सुई देण्याआधी कधीकधी सिस्टर हातावर थोडंसं औषध टोचतात आणि "वीस मिनिटं बसा" म्हणतात. ही टेस्ट आली कुठून, ती काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे आज आम्ही सांगणार आहोत. आपल्या चिखलदऱ्यासारख्या डोंगरी तालुक्यात हे माहीत असायलाच हवं. इथं एखादं औषध चालत नाही असं ठरलं, की दुसऱ्यासाठी घाट उतरून परतवाडा, नाहीतर अमरावती गाठावी लागते.

गोष्ट सुरू होते 1902 मध्ये. फ्रान्सचे शार्ल रिशे यांनी कुत्र्यांना समुद्री प्राण्याचं विष थोडं थोडं देऊन पाहिलं. पहिला डोस सोसलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी तेच विष अगदी कमी दिलं, तरी तो मेला. म्हणजे शरीर आठवण ठेवतं, आणि ती आठवण कधी जिवावर उठते. 1906 मध्ये ऑस्ट्रियाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरांनी 'ॲलर्जी' हा शब्द दिला.

पुढं पेनिसिलीन आलं. दुसऱ्या महायुद्धात त्यानं हजारो जीव वाचवले. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची त्याला मदत होती. 1955 पासून तिथं पेनिसिलीन बनू लागलं.

पण औषध सगळीकडे पोचलं तसं काहींना ते बाधतं, हेही दिसलं. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडकतो, क्वचित जीवही जातो. म्हणून टेस्ट आली. आधी औषधाचा थेंब ठेवून टोचायचं, काही झालं नाही तर कातडीत किंचित औषध घालायचं. शेजारी साधं सलाईन टोचायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही जागा ताडून पाहायच्या. ॲड्रेनालीनचं इंजेक्शन हाताशी असेल तिथंच हे करायचं.

आता दुसरी बाजू ऐका. एकदा "पेनिसिलीनची ॲलर्जी" असं कागदावर लिहिलं, की तो शिक्का जन्मभर राहतो. पाश्चात्त्य देशांत असे शिक्के बसलेल्यांची नीट तपासणी झाली, तेव्हा दहांपैकी साधारण नऊ जणांना पेनिसिलीन चालतं असं निघालं. कुणाला नुसती मळमळ झाली होती, कुणाला तापातच पुरळ आलं होतं, कुणाची ॲलर्जी वर्षांनी विरली होती. हा शिक्का बाईला महागात पडतो. गरोदर बाईला सिफिलिस असेल, तर पोटातल्या बाळाला वाचवणारं खात्रीचं औषध पेनिसिलीनच आहे.

पण प्रत्येक औषधाला ही टेस्ट लागू पडत नाही. मेळघाटात वावरात, रानात साप चावतो. त्यावरची लस 1890 च्या दशकात आल्बर्ट कालमेट यांनी शोधली. आजही ती घोड्याच्या रक्तातून बनते. तिचीही रिॲक्शन येते, म्हणून पूर्वी हातावर टेस्ट करत. मात्र ही रिॲक्शन बहुतेक वेळा जुन्या आठवणीतून येत नाही. टेस्ट चांगली आली तरी रिॲक्शन येते, आणि टेस्ट वाईट आली तरी लस सोसते. त्यात मोलाचा वेळ जातो. म्हणून आता सापाच्या लसीसाठी अशी टेस्ट करू नये, असंच मार्गदर्शन आहे. ॲड्रेनालीन तयार ठेवून लस लगेच सुरू करायची आणि पेशंटवर नजर ठेवायची.

मग आपण काय करायचं? औषध बाधलं तर चार गोष्टी लिहून घ्यायच्या: औषधाचं नाव, घेतल्यावर किती वेळानं त्रास झाला, नेमकं काय झालं आणि कोणत्या साली. ही चिठ्ठी आधार कार्डासोबत ठेवायची आणि दर वेळी डॉक्टरांना दाखवायची. शिक्का जुना असेल तर "तपासणी करता येईल का?" असं विचारायचं. मात्र कातडी सोलली गेली होती किंवा तोंडात फोड आले होते, तर ते औषध पुन्हा घ्यायचं नाही, आणि घरी तर कोणतंच औषध घेऊन पाहायचं नाही.

बचतगटाच्या येत्या बैठकीत प्रत्येकीची चिठ्ठी तयार करू. लिहिता येतं तिनं शेजारणीचीही लिहून द्यावी.