कॅमेरा: घेण्याआधी बघायचा की घेतल्यावर?

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की आजकाल आपण काय करतो? आठवडाभर यूट्यूबवर रिव्ह्यू बघतो. मग शनिवारी दुकानात जाऊन दोन-तीन कॅमेरे हाताळतो, पकड कशी आहे, वजन किती, फोकस पटकन लागतो का... आणि घरी येऊन सगळ्यात स्वस्त ऑनलाइन कुठे मिळतो ते शोधतो. दुकानदाराला हे सगळं कळत असतं, तरी तो बिचारा काचेच्या कपाटातून एकेक लेन्स काढून देतो.

ही चैन आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती किती नवी आहे हे लक्षातच येत नाही. महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या कॅमेरा-खरेद्यांच्या गोष्टी वाचल्या की चक्रावून जायला होतं.

पहिली गोष्ट सावेदादांची. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्यांचं पूर्ण नाव, धंदा फोटो स्टुडिओचा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती पहिल्यांदा दाखवल्या गेल्या. त्या बघून सावेदादांनी इंग्लंडहून २१ गिनींचा चलच्चित्र कॅमेरा मागवला. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे एकूण २२ पौंड १ शिलिंग. तेव्हाच्या १५ रुपयांना एक पौंड या भावाने साधारण ३३० रुपये झाले. आणि हे पैसे कशासाठी, तर जहाजाने येणाऱ्या अशा खोक्यासाठी, जे चालतं की नाही हे ते हातात पडल्यावरच कळणार!

१८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनला झालेली एक कुस्ती चित्रित केली. पण ती फिल्म धुण्यासाठी पुन्हा इंग्लंडला पाठवावी लागली. म्हणजे कॅमेरा नीट चालतोय की नाही याचं उत्तर समुद्रापलीकडे जाऊन परत येणार. आपल्याकडे बिल्ड व्हायला दहा मिनिटं लागली तर आपण चहाला जातो, तेवढ्यावरून अंदाज करा :)

दुसरी गोष्ट दादासाहेब फाळक्यांची. ही सगळ्यांना माहीत असते, पण त्यातला खरेदीचा भाग सहसा कोणी सांगत नाही. विम्याची पॉलिसी गहाण टाकून फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला निघाले. आपण ज्याचे वर्गणीदार आहोत त्या 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाला जाऊन थेट भेटले. त्याच्या ओळखीने सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ आतून बघितला आणि या दोघांच्या सल्ल्याने ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला. रुपयात ७५० झाले. शिवाय कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं यंत्रही मागवलं, कारण तेव्हा फिल्म भोकं न पाडलेली यायची. ते काम अंधारात करावं लागे, आणि घरी ते सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं.

मे १९१२ मध्ये यंत्रं मुंबईत आली. सोबतच्या आकृत्या बघून फाळक्यांनी चार दिवसांत जुळणी केली आणि शेजारपाजारच्या मुलामुलींचं चित्रण करून बघितलं. पण खरी टेस्ट पुढची. एका कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. तयार झाली 'अंकुराची वाढ', जेमतेम मिनिटभराची फिल्म. पडद्यावर बी फुटतंय, कोंब वर येतोय, वेल होतोय.

इंजिनिअरच्या नजरेने बघा. कॅमेरा महिनाभर जागचा हलता कामा नये, प्रकाशाचा अंदाज रोज जमला पाहिजे, भोकं सारख्या अंतरावर हवीत, धुलाई नीट हवी. यातलं एक जरी चुकलं तर ते पडद्यावर लगेच दिसणार. म्हणजे ही नुसत्या कॅमेऱ्याची नाही, अख्ख्या सिस्टिमची टेस्ट झाली. आणि खर्च किती? मूठभर वाटाणे नि थोडी फिल्म.

आता गंमत बघा. ही फिल्म बघून ज्यांनी कर्ज देऊ केलं त्यांच्यात यशवंतराव नाडकर्णी होते, आणि त्यांचा धंदा होता फोटोग्राफीचं सामान विकण्याचा! आज दुकानदार गिऱ्हाइकाला डेमो देतो, तिथे गिऱ्हाइकाने दुकानदाराला डेमो दिला. त्यातून 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला.

कोल्हापूरच्या मंडळींनी तिसराच रस्ता धरला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला, खेळ दाखवता दाखवता त्याची रचना समजून घेतली आणि कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये कॅमेरा पूर्ण केला, आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' आला.

या तिन्ही गोष्टींत एक समान मुद्दा आहे: कॅमेरा बिघडला, फिल्म वाया गेली, तर नुकसान कोणाचं? सगळं घेणाऱ्याचं. म्हणून कॅमेरा कोणाच्या हातात जाणार हे हौसेवर किंवा अकलेवर ठरत नव्हतं, धोका कोणाला झेपतो यावर ठरत होतं.

आता आमच्या परभणीकडे येतो. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली आणि परभणी त्या रुळावर आलं. एका टोकाला गेलं की सिकंदराबादेत लाला दीनदयाळ यांचा स्टुडिओ. (हे गृहस्थ रुडकीला इंजिनिअरिंग शिकलेले, म्हणजे आपल्यातलेच!) दुसऱ्या टोकाकडून मुंबईचे स्टुडिओ नि बाजार. मधल्या गावातल्या माणसाला फोटो काढून घेता येई, पण कॅमेरा हाताळून बघणं लांबच. पुढे फिल्मचे कॅमेरे गावोगावी आले तरी मुख्य अडचण तीच राहिली. दुकानात फार तर मागचं झाकण उघडून लेन्समध्ये बुरशी आहे का बघा, शटरचा आवाज ऐका, ॲपर्चरच्या पात्या फिरवा. फोटो कसा येतो ते रोल संपून धुऊन आल्यावरच कळायचं. त्यामुळे गावात कॅमेरा म्हणजे स्टुडिओवाल्याचा, हाच हिशोब.

हा हिशोब डिजिटलने मोडला. मागचा पडदा आला आणि निकाल दुकानातच दिसायला लागला. पहिल्यांदाच धोका घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे सरकला. आता तर पूर्णच सरकलाय. आपण त्याच्या दुकानात बघतो नि घेतो दुसरीकडे. ही दुकानं बंद पडली तर परभणीच्या पोराला पुन्हा फोटो बघूनच कॅमेरा मागवावा लागेल, सावेदादांसारखा. फरक एवढाच की खोकं जहाजाऐवजी कुरिअरने येईल.

असो. पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा स्वतःचं मेमरी कार्ड न्या, परवानगी विचारून दहा-वीस फोटो काढा (थोडे दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यातले, थोडे दाराबाहेरच्या उन्हातले) आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघा. आणि कॅमेरा आवडला तर दोन-पाचशे रुपयांसाठी घासाघीस न करता त्याच माणसाकडून घ्या. त्याने तुमचा धोका उचललाय, त्याची तेवढी किंमत होते.