स्कॉटिश मंडळींच्या सहली: मुंबई ते अंबाजोगाई

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रात जे गोरे अधिकारी, व्यापारी, डॉक्टर आणि मिशनरी येऊन राहिले, त्यांत स्कॉटलंडच्या लोकांचा भरणा मोठा होता. मराठी माणसाच्या लेखी सगळे 'इंग्रज' किंवा 'साहेब' असल्यामुळे हा भेद सहसा ध्यानात येत नाही. मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम हे तिघेही स्कॉटिश. साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक जेम्स ग्रँट डफ बॅन्फ गावचा, तर विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन लॉडरचे. स्कॉटलंडात जमीन थोडी आणि घरात मुले पुष्कळ, म्हणून धाकट्या मुलांना ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी हाच पोटापाण्याचा खात्रीचा मार्ग होता. माल्कमचेच उदाहरण घ्यावे. तो 17 भावंडांपैकी एक होता आणि वयाच्या तेराव्या वर्षी कंपनीच्या फौजेत भरती झाला. या लोकांची राज्यकारभारातली कामगिरी पाठ्यपुस्तकांत येते. त्यांचे रोजचे जगणे, करमणूक आणि सहली यांचा इतिहास मात्र बाजूला राहिला आहे. महाराष्ट्राच्या पर्यटनाच्या नकाशावर त्याच्या खुणा आजही दिसतात, म्हणून तो समजून घेण्याजोगा आहे.

मुंबईतला त्यांचा दिवस उन्हाच्या धाकाने आखलेला असे. पहाटे घोड्यावरून रपेट, ऊन चढण्याआधी न्याहारी, मग कचेरी आणि संध्याकाळी मोकळ्या मैदानावर हवा खायला बाहेर पडणे. परळ, माझगाव, भायखळा या तेव्हाच्या झाडीच्या वस्त्यांत त्यांचे बंगले होते. मुंबईचा न्यायाधीश म्हणून 1804 साली आलेला जेम्स मॅकिंटॉश हा इन्व्हर्नेसजवळचा विद्वान माणूस. त्याचे मन इथे फारसे रमले नाही, पण बरोबर आणलेल्या ग्रंथांनी आणि जमवलेल्या मित्रांनी त्याला तारले. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला परळला भरलेल्या बैठकीत त्याने मुंबईची लिटररी सोसायटी स्थापन केली. पुढे टाउन हॉलमध्ये गेलेली एशियाटिक सोसायटी ती हीच.

रविवारची प्रार्थना हा त्यांच्या आठवड्याचा कणा होता. इंग्रजांचे चर्च वेगळे, स्कॉटिशांचे वेगळे. फोर्टातले सेंट अँड्र्यूज चर्च 1819 साली उभे राहिले. 1826 साली त्याच्या मनोऱ्यावर वीज कोसळली, तेव्हा मनोरा पुन्हा बांधावा लागला. याच चर्चच्या शेजारी अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ साठवण्यासाठी बर्फघर बांधले गेले. उन्हाने कावलेल्या माणसांना त्या बर्फाचे मोल किती वाटत असेल, हे मुंबईच्या मे महिन्यातून गेलेल्यालाच कळावे. त्या जागेवर आज के. आर. कामा प्राच्य संस्थेची इमारत आहे.

30 नोव्हेंबर हा संत अँड्र्यूचा दिवस म्हणजे या मंडळींचा मोठा सण. त्या रात्री मेजवानी, पाइपवादन, नाच आणि मायदेशाच्या नावाने भाषणे व्हायची. स्कॉटलंडचा आवडता खेळ गोल्फ, तोही त्यांच्यामागोमाग आला. मुंबईत गोल्फ क्लब निघाला तो 1842 साली. तेव्हा ब्रिटिश बेटांबाहेर असे क्लब हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रोजच्या डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने फ्रीमेसनांची 'रायझिंग स्टार' ही शाखा निघाली आणि तिच्यात हिंदी सभासदांना प्रवेश मिळाला. पारशी गृहस्थ आणि स्कॉटिश व्यापारी एका मेजावर जेवू लागले, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

मुंबईबाहेर पडणे हे मात्र मोठे काम होते. रेल्वे येण्यापूर्वी घाटावर जायचे तर खाडी ओलांडून पनवेल गाठावे लागे. तिथून पुढे पालखी किंवा घोडा, आणि सामानासाठी हमाल व बैल. 1809 साली मुंबईत आलेली मारिया ग्रॅहम ही एका स्कॉटिश दर्यावर्दीची मुलगी आणि दुसऱ्या स्कॉटिश नौदल अधिकाऱ्याची बायको. त्या वर्षीच्या डिसेंबरात तिने बोरघाट चढून कार्ल्याची लेणी पाहिली. तिथून ती पुण्याला गेली. तिने केलेली वर्णने आणि काढलेली चित्रे 1812 साली पुस्तकरूपाने छापली गेली. मुंबईकराने सुटीत लोणावळ्याच्या बाजूला जायचे आणि कार्ल्याची लेणी चढायची, या प्रथेचा इतका जुना आणि इतका सविस्तर लेखी पुरावा क्वचितच सापडतो.

मिशनऱ्यांची वाट कोकणातून गेली. जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट 1829 साली मुंबईला उतरले आणि मराठी शिकण्यासाठी हर्णैला जाऊन राहिले. समोर सुवर्णदुर्ग, बंदरात मासळीचा बाजार आणि कानांवर अखंड मराठी, असे ते शिक्षण होते. मुंबईला परतल्यावर मार्गारेटने मुलींच्या शाळा काढल्या. विल्सन पुढे दर हिवाळ्यात पंडित आणि पुस्तके बरोबर घेऊन दौऱ्यावर निघत. ॲबर्डीनचे जे. मरे मिचेल 1838 साली आले. धर्मप्रचारासाठी आलेला हा माणूस तुकोबांच्या अभंगांच्या अभ्यासात गुंतला. पुढच्या पिढीतल्या पुण्याच्या निकोल मॅकनिकल यांनी मराठी संतांच्या रचना इंग्रजीत आणून 1919 साली प्रसिद्ध केल्या.

सहलीच्या दृष्टीने स्कॉटिश माणसाची सर्वांत टिकाऊ निर्मिती म्हणजे महाबळेश्वरची पेठ. क्षेत्र महाबळेश्वर अर्थातच फार प्राचीन आहे. कृष्णेच्या उगमावर यात्रेकरू शतकानुशतके येत होते. नवे होते ते हवेसाठी तिथे जाणे. 1824 साली जनरल पीटर लॉडविक हा इंग्रज अधिकारी हे पठार चढून गेला आणि त्याने इथल्या थंडाव्याची वाच्यता केली. 1827 साली गव्हर्नर झालेल्या माल्कमने ती कल्पना उचलली. आजारी गोऱ्या शिपायांसाठी आरोग्यधाम हवे, हा त्याचा हेतू. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी 1829 साली करार झाला. महाराजांनी ही जागा दिली आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव घेतले. नव्या वसाहतीचे नाव माल्कम पेठ ठरले. माल्कम धिप्पाड, बोलका आणि शिकारीचा शौकीन होता. त्याच्या उत्साहामुळे त्याला सोबती 'बॉय माल्कम' म्हणत. अशा माणसाने वसवलेल्या ठिकाणी आजाऱ्यांपेक्षा धडधाकट लोकच जास्त जाऊ लागले, यात नवल नाही.

मुंबईहून महाबळेश्वरला जाण्याची जुनी वाट समुद्राची. होडीने सावित्रीच्या खाडीतून दासगावच्या बाजूला यायचे, तिथून महाड आणि मग पार घाटाची चढण. प्रतापगडाच्या सावलीतून वर गेले की साडेचार हजार फुटांवरची हवा लागे. हंगाम दोन: पावसाळ्यानंतरचे काही आठवडे आणि एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंतचा उन्हाळा. पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या डोंगरावर पावसाळ्यात बंगले रिकामे होत. भिंती ओलीने फुगू नयेत म्हणून त्यांना बाहेरून गवताचे आच्छादन घातले जाई.

तिथला दिनक्रम पायांवर चाले. सकाळी एका टोकावर जायचे, संध्याकाळी दुसऱ्या. ज्या कड्यावरून दरी चांगली दिसे त्याला पाहुण्यांपैकी कोणाचे तरी नाव मिळे. एल्फिन्स्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट ही नावे अशी आली. माल्कमच्या मुलीवरून केट्स पॉइंट हे नाव पडले, असे सांगतात. 'आर्थर्स सीट' ऐकून एडिंबराच्या त्याच नावाच्या टेकडीची आठवण होते, पण इथला आर्थर म्हणजे तिथे प्रथम घर बांधून राहिलेला आर्थर मॅलेट. या सगळ्या कड्यांना स्थानिकांची स्वतःची नावे होती. त्यांपैकी काही मागे पडली, ही या प्रथेची नुकसानीची बाजू आहे.

पाहुण्यांच्या ताटातली भाजी कुठून आली, हेही सांगायला हवे. माल्कम पेठेत चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. या कैद्यांनी डोंगरउतारावर बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे पिकवले. तुरुंग 1864 साली बंद झाला, तरी बागायत टिकली. पुढे स्ट्रॉबेरी आली आणि आज ती महाबळेश्वरची ओळख आहे. तिथला वेण्णा तलाव तर पाहुण्यांनी बांधलेलाच नाही. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज यांनी तो 1842 साली बांधवला. सहलीची सोय साहेबांची, पण जमीन, पाणी आणि कष्ट इथल्यांचे किंवा इथे आणलेल्या कैद्यांचे होते.

विदर्भातली सहल वेगळ्या जातीची. डन्स गावचे स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपूरला मिशनचे काम करायला आले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर ते शहराबाहेर फिरायला जात आणि नजर जमिनीवर असे. 1851 साली नागपूरजवळच्या टाकळीला ज्वालामुखीच्या दोन थरांमधल्या खडकात त्यांना जीवाश्म दिसले. फळे, बिया, शिंपले, हाडे असा खजिनाच होता. दख्खनचा काळा दगड पसरत असताना मध्येच तळी आणि झाडी होती, हे त्यातून कळले. फिरता फिरता लागलेल्या शोधांत याची बरोबरी करणारे महाराष्ट्रात थोडेच आहेत. हाच छंद हिस्लॉप यांच्या जिवावर बेतला. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची पुरातन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आजच्या बीड जिल्ह्यात, दिंद्रुड, माजलगाव, धारूर या भागात, साहेबांचे क्लब किंवा थंड हवेची ठिकाणे नव्हती. दोन जागी मात्र गोऱ्यांचा राबता होता, जालन्याची छावणी आणि मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाईची घोडदळाची छावणी. जालन्याला स्कॉटिश मिशनचे काम उभे केले ते एका मराठी माणसाने, नारायण शेषाद्री यांनी. तिथली बेथेल ही वस्ती त्यांनी वसवलेली.

या मुलखातला महत्त्वाचा स्कॉटिश प्रवासी जेम्स बर्जेस. डम्फ्रीसशायरचा हा शिक्षक 1861 साली मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई पारशी संस्थेच्या शाळेचा प्रमुख झाला. सुटीत लेणी आणि देवळे पाहण्याचा त्याला नाद होता. 1872 साली त्याने 'इंडियन अँटिक्वेरी' हे मासिक काढले आणि 1874 साली पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याची सूत्रे त्याच्याकडे आली. नादाचे रूपांतर नोकरीत झाले. 1875-76 च्या हंगामात तो बीदर आणि औरंगाबादकडच्या मुलखात फिरला. खरोसा, धाराशिव आणि अंबाजोगाई इथली लेणी त्याने मोजली. अंबाजोगाईचे हत्तीखाना लेणे म्हणजे खडकात कोरलेला प्रशस्त खांबांचा मंडप, पुढे मोकळे अंगण, अंगणात नंदीचा मंडप आणि दगडी हत्ती. मोजपट्टीने खांबांमधले अंतर घ्यायचे, आराखडा कागदावर उतरवायचा, शिलालेख असेल तर त्यावर ओला कागद थापून ठसा उचलायचा, अशी ही कामाची रीत. त्याचा अहवाल 1878 साली लंडनला छापला गेला. 1880 साली एअरच्या जेम्स फर्ग्युसनबरोबर त्याने भारतातल्या लेण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातही अंबाजोगाई आहे.

गडांच्या सहलींचा परिणाम सर्वांत दूरवर पोचला. मुंबईच्या युरोपीय समाजातले जेम्स डग्लस यांनी 1883 साली मुंबईविषयीच्या आपल्या पुस्तकात रायगडावरच्या शिवाजी महाराजांच्या समाधीची दुरवस्था लिहिली. झाडाझुडपांनी वेढलेली ती जागा आणि तिच्याकडे कोणाचेच नसलेले लक्ष, हे वाचून मराठी मने दुखावली. पुण्यात विचार सुरू झाला. 1895 साली लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून समाधीच्या निधीची हाक दिली आणि 1896 साली रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला.

या परंपरेतले शेवटचे मोठे नाव पॅट्रिक गेडिस. बॅलटर गावचा हा शहररचनाकार 1919 ते 1924 या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक होता. शहर समजायचे तर आधी ते पायी हिंडले पाहिजे, गल्ली, विहीर, देऊळ, बाजार पाहिला पाहिजे, असा त्याचा आग्रह. जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी गरजेपुरतीच सुधारावी, हे त्याचे मत आजच्या नगरपालिकांनीही वाचावे असे आहे. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये त्याच्या वर्गात बसले होते. 1924 साली विभागाची धुरा त्यांच्याकडे आली.

स्वातंत्र्यानंतर ही स्कॉटिश वस्ती पांगली. सेंट अँड्र्यूज चर्च, 1847 साली स्कॉटिश मुलांसाठी निघालेली बॉम्बे स्कॉटिश शाळा, चौपाटीवरचे विल्सन कॉलेज, नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ही ठिकाणे चालू आहेत आणि त्यांतल्या शाळा-कॉलेजांत आज मराठी मुले शिकतात. मराठवाड्यातल्या शाळांच्या सहली महाबळेश्वर, प्रतापगड, रायगड अशा दूरच्या ठिकाणी जातात, आणि त्या जाव्यातही. पण बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांनी एक सहल अंबाजोगाईच्या हत्तीखान्याला काढावी आणि मुलांच्या हाती मोजपट्टी व कागद द्यावा. दिंद्रुडहून निघून संध्याकाळी घरी परतता येईल, इतके ते जवळ आहे.