समुद्राची पैसेवारी

#थ्रेड #इतिहास #खानदेश

१/ जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला आकड्याचे वजन समजावून सांगावे लागत नाही. गावाची पैसेवारी ५० च्या वर लागली, की दुष्काळी सवलती हुकतात. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, शेवटी अंतिम. आज हाच वाद समुद्राबाबत सुरू आहे: संगणकातला समुद्र खऱ्या समुद्रातील मासळीचा हिशेब कितपत बरोबर मांडतो?

२/ या प्रश्नाचे एक मूळ शेताच्या बांधावर आहे. पूर्वी पिकाचा उतारा महसूल कर्मचाऱ्याच्या नजरेने ठरे. १९४० च्या दशकात पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे या संख्याशास्त्रज्ञांनी वेगळी रीत रुजवली. शेत चिठ्ठी काढावी तसे निवडायचे, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, पीक कापायचे आणि तोलायचे. हाच पीक कापणी प्रयोग.

३/ पुढे हीच रीत किनाऱ्यावर पोहोचली. सुखात्मे, पानसे आणि शास्त्री यांनी १९५८ साली ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात भारतातील सागरी मासळीचा अंदाज नमुन्यावरून कसा काढावा, हे मांडले. बंदरे निवडायची, दिवस निवडायचे, होड्या निवडायच्या आणि त्यांवरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधायचा. म्हणजे देशाच्या ‘मासेमारीचा आकडा’ हाही मुळात अंदाजच आहे.

४/ प्रतिमानांची, म्हणजे मॉडेलांची, कथा याहून जुनी. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी घटली. फ्यूमे बंदराच्या बाजारात शार्कवर्गीय भक्षक माशांचा वाटा १९१४ मध्ये सुमारे १२ टक्के होता. १९१८ मध्ये तो ३६ टक्क्यांवर गेला आणि १९२३ पर्यंत पुन्हा ११ वर आला. उम्बेर्तो द’आंकोना यांनी हे कोडे आपले सासरे, गणिती व्हितो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवले.

५/ व्होल्तेरांच्या १९२६ मधील समीकरणांतून उत्तर निघाले: मासेमारी कमी झाली की भक्षकांचे फावते. दिशा जुळली. पण दिशा जुळणे वेगळे आणि किती टन मासळी मिळेल हे सांगणे वेगळे.

६/ १९८४ मध्ये जेफ्री पोलोविना यांनी हवाई द्वीपसमूहातील एका प्रवाळबेटासाठी ‘इकोपाथ’ रचले. कोण कोणाला किती खातो, याचा तो ताळेबंद. हीच पद्धत पुढे जगभर पसरली.

७/ आकडा चुकला तर काय होते, हे कॅनडाच्या न्यूफाउंडलंडने पाहिले. उरलेले कॉड मासे दाटीने एकत्र येत, त्यामुळे ट्रॉलरची जाळी भरतच राहिली. या भरल्या जाळ्यांवर विसंबलेल्या गणिताने साठा भरपूर असल्याचे सांगितले. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला.

८/ याच्या उलटही घडले. २००१ मध्ये वॉटसन आणि पॉली यांच्या प्रतिमानाचा चीनच्या अधिकृत आकड्यांशी मेळ बसेना. नोंदलेली मासळी अपेक्षेच्या जवळपास दुप्पट होती. चूक प्रतिमानात नव्हती. उत्पादनवाढ दाखवण्याच्या दडपणाखाली नोंदी फुगल्या होत्या.

९/ २०१३ पासून ‘फिश-एमआयपी’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमात अनेक प्रतिमाने शेजारी ठेवून ताडली जातात. ती वाचताना तीन प्रश्न विचारावेत. मासेमारीचे आकडे आधीच प्रतिमानात भरले होते का? तसे असेल, तर जुळण्यात नवल काय? जुळते ते केवळ एकूण वजन, की प्रत्येक जातही? आणि जुळत नसेल, तर चूक नेमकी कोणाची?

१०/ दुसरा प्रश्न महाराष्ट्रासाठी कळीचा आहे. अनेक जागतिक प्रतिमानांत समुद्राचा एक चौकोन सुमारे ११० किलोमीटरचा असतो. सातपाटीच्या उथळ पाण्यात डोल जाळ्यात येणारा बोंबील अशा चौकोनाच्या सरासरीत हरवतो. सुकवलेला हाच बोंबील खानदेशच्या आठवडे बाजारात येतो.

११/ पीक कापणीच्या वेळी कोणता तुकडा आखला गेला, हे शेतकरी बांधावर उभा राहून पाहू शकतो. प्रतिमानाच्या आधारे मासेमारीचे निर्बंध ठरणार असतील, तर त्यात कोणत्या बंदराचे, कोणत्या दिवसाचे आकडे गेले, हे पाहण्याची सोय मच्छीमारालाही हवी. नजर पैसेवारीला हरकत घेता येते. समुद्राच्या पैसेवारीलाही घेता आली पाहिजे.

(समाप्त)