८ डिसेंबर : ढाक्यातली सही, बाभुळगावचा कापूस
८ डिसेंबर १९८५. ढाक्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान आणि मालदीव यांनी सनदेवर सह्या केल्या. 'सार्क' ही दक्षिण आशियाई देशांची संघटना जन्माला आली. अफगाणिस्तान २००७ मध्ये आला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावच्या काळ्या रानात या दिवसांत कापसाची वेचणी चालते. भारतीय कापसाचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश आहे, त्यामुळे शेजाऱ्याशी बिनसलं की झळ शेवटी इथल्या भावाला लागते. म्हणूनच २००६ पासूनच्या 'साफ्टा' या सार्क देशांमधल्या मुक्त व्यापार कराराचं मोल शेतकऱ्याला अधिक.

पण सुरक्षेविना व्यापार कसा टिकणार? २०१६ च्या उरी हल्ल्यात यवतमाळ जिल्ह्याचा जवानही हुतात्मा झाला. त्यानंतर सार्कची इस्लामाबादची शिखर परिषद बारगळली. नेत्यांची शेवटची शिखर परिषद काठमांडूची, नोव्हेंबर २०१४ मधली.