38 प्रकल्प, 20 हजार कोटी आणि आपली निविदा

परवा टपरीवर चहा पिताना एक जण मोठ्या खात्रीनं म्हणाला, "नालीचं काम 18 टक्के बिलोनं गेलं, म्हणजे यात खाल्लं नाही कोणी." बिलो म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दर. म्हटलं बाप्पा, थोडं मागं जाऊ.

2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. अमरावती आणि अकोला त्यात होतेच. सगळ्यात मोठा वाटा सिंचनाचा होता. पाणी आलं तर कापूसवाला तगेल, हे सगळ्यांनाच पटलेलं. त्यामुळे धरणाच्या नावानं पैसा मागितला तर हरकत कोण घेणार?

मग आलं 2009. विधानसभा निवडणुकीआधीच्या काही महिन्यांत विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या 38 प्रकल्पांची किंमत 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर गेली. चौपट! नद्या त्याच, प्रकल्पही तेच.

निविदा निघाल्या नव्हत्या का? निघाल्या होत्या. जाहिरात, अनामत रक्कम, बंद लिफाफे, सगळं कागदावर होतं. पण स्पर्धा होते ती लिफाफा उघडायच्या दिवशी, त्या दिवसाच्या आकड्यावर. अंदाजपत्रक त्याच्या आधी ठरतं. दरवाढ, जादा काम, सुधारित प्रशासकीय मान्यता हे सगळं नंतर येतं, आणि तिथं दुसरा ठेकेदार समोर नसतोच. नियामक मंडळाला डावलून मंजुऱ्या दिल्या, निविदेची किंमत मध्येच वाढवली, ठेकेदारांना आगाऊ रकमा वाटल्या, असे आक्षेप पुढे आले.

2012 मध्ये जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांचं पत्र गाजलं. त्याच वर्षी जनमंच नागपूर खंडपीठात गेलं. 2014 च्या डिसेंबरात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची चौकशी लागली. 2019 च्या नोव्हेंबरात नऊ प्रकरणं बंद झाली आणि तत्कालीन मंत्री अजित पवार यांच्यावर फौजदारी जबाबदारी येत नाही, असं त्याच विभागानं कोर्टात सांगितलं. हे राजकारण तुम्हाला पाठ आहे, मी त्यात जात नाही.

मला खुपतं ते वेगळंच. आमच्यासारख्या छोट्या पेपरांचं पोट निविदा सूचनांवर चालतं. मी स्वतः शेकड्यानं प्रूफं तपासली. मुदत बरोबर, अनामत बरोबर, की पान सोडलं. त्याच कामाची किंमत पुढं वाढली तर तो कागद कोणी जाहिरात म्हणून देत नाही. आणि खरं सांगतो, मीही कधी मागायला गेलो नाही.

आता ई-निविदा आहे. लिफाफे फोडायची, फॉर्म दडवायची भानगड बरीच कमी झाली, हे मान्य करायला पाहिजे. पण काम मिळाल्यावर वाढणारा आकडा संगणक अडवत नाही.

त्या नालीच्या कामासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. मूळ अंदाजपत्रक, सुधारित मान्यता आणि शेवटचं बिल, असे तीन कागद मागितलेत. मिळाले की इथंच टाकतो.