निरर्थक गाण्यांची बाजू

बालवाडीतल्या गाण्यांविषयी एक मत इतकं रुळलंय की त्यावर वाद घालायच्या भानगडीत कुणी पडत नाही. आपडी-थापडी, झिम्मा, फुगडी यांच्या गाण्यांत धड अर्थ नाही. तेव्हा त्यांच्या जागी हात धुण्याची, फळांच्या नावांची 'आशययुक्त' गीतं यावीत. जुनी हवीच असतील तर स्नेहसंमेलनात नऊवारी नेसवून म्हणून घ्यावीत. या मतामागचं गृहीतक असं, की मूल गाण्यातून शिकतं ते शब्दांच्या अर्थामुळे. खोट नेमकी तिथेच आहे.

'मामाचं पत्र हरवलं' घ्या. मुलं आत तोंड करून गोल बसतात, एक जण रुमाल घेऊन पाठीमागून फिरतो. गाण्याला सगळ्यांनी साथ द्यायची, पण मागे वळून बघायचं नाही. पावलं आपल्यापाशी रेंगाळली का, याकडे कान. हात मागे चाचपडतोय. रुमाल लागला तर उठून पळायचं, नाही लागला तर गपगुमान बसायचं. चार वर्षांच्या मुलाने स्वतःला इतकं आवरणं ही केवढी कसरत आहे! पत्रात काय लिहिलं होतं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

पण अशा गाण्यांतून अक्षरओळख कशी होणार, हा मुद्दा राहतो. ब्रॅडली आणि ब्रायंट या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग मांडला. चित्रं तीच; काही मुलांनी शब्दांच्या आवाजावरून त्यांच्या जोड्या लावल्या, काहींनी अर्थावरून. आवाजाच्या सरावाला प्लास्टिकच्या अक्षरांची जोड मिळालेली मुलं वाचनात अर्थवाल्यांच्या बरीच पुढे गेली. म्हणजे अक्षरं हवीतच, पण कानाच्या वाटेने आलेली. प्रयोग इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरचा. मराठीला तो जसाच्या तसा लावू नये. तरी यमक टिपणारा कान मराठी मुलालाही लागतोच, आणि तो तयार व्हायला निरर्थक शब्दांसारखं मैदान नाही. तिथे अर्थ मध्ये येत नाही.

मग ही गाणी टीव्हीवर लावली की झालं? नाही. किर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांनी २००९ साली दाखवलं, की समोर माणूस ढोल वाजवत असेल तर अडीच वर्षांचं मूलही त्याच्या लयीला लय मिळवू पाहतं. यंत्र वाजवत असेल किंवा नुसता आवाज येत असेल तर ते तितकं जमत नाही. झिम्म्यात टाळी द्यायला समोर तळहात लागतो.

एक आक्षेप मात्र खरा आहे: भोंडल्याच्या कितीतरी गाण्यांत सासुरवास आहे. तो बालवाडीत कशाला? फेर आणि चाल ठेवावी, शब्द खुशाल बदलावेत. परंपरा म्हणजे सोवळ्यातली वस्तू नव्हे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं तेव्हा माँटेसोरीची पद्धतसुद्धा गावात मिळणाऱ्या साधनांवर बेतून घेतली होती.

यावर कुणी म्हणेल, शब्द बदलायचेच तर हात धुण्याचं गाणं काय वाईट? काहीच नाही. फक्त ते हाताची घडी घालून म्हणायला लावू नका. त्यात कुणाला तरी पळू द्या, कुणाला तरी पकडू द्या.