डोंगरावर उभं राहिलं की काय दिसतं?



शनिवार-रविवार आला की आपल्या पवनानगरच्या रस्त्यानं गाड्यांची रांग लागते. कुणी तिकोन्यावर जातं, कुणी लोहगडावर, कुणी धरणाच्या काठावर तंबूत राहतं. पाहुणे वर चढतात, फोटो काढतात आणि म्हणतात, "काय सुंदर दिसतं हो इथून!" आपण मात्र त्याच डोंगराच्या पायथ्याशी भात लावतो, गुरं चारतो आणि फाटी आणतो. आपल्याला कुणी विचारलं की इथून नक्की काय दिसतं, तर काय सांगायचं? आज तेच बोलू या.

आधी जमीन समजून घेऊ. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्यांसारखे टप्पे आहेत आणि माथ्याला सपाट पठार आहे. लोणावळ्याच्या पश्चिमेला हे पठार एकदम तुटतं आणि खाली कोकण दिसतं. त्या कड्यावर पडलेल्या पावसाचं पाणी कोकणाकडे वाहिलं, तर थोड्याच अंतरावर अरबी समुद्राला मिळतं. तेच अलीकडे वाहिलं, तर पवनेत येतं. पवना चिंचवडच्या मोरया गोसावींच्या समाधीजवळून जाऊन दापोडीला मुळेला मिळते. तिथून मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं करत हे पाणी थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जातं. म्हणजे आपली गावं नदीच्या अगदी उगमाशी आहेत.

आता कामशेतहून पवनानगरला येताना लागतात ती बेडशाची लेणी घ्या. पूर्वेला तोंड असलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. लोक आतला उंच खांबांचा चैत्य पाहून परत फिरतात. पण बाहेर पाण्याची टाकी आहेत, आणि टाक्यावर ब्राह्मी अक्षरांत एका बाईचं नाव कोरलेलं आहे. तिचं नाव सामडिनिका. महाभोजाची ती मुलगी आणि आपदेवणकाची बायको. तिनं हे दान दिलं असं तो दगड सांगतो. डोंगरावर चढून आलेल्या माणसाला काय हवं असतं, हे त्या बाईनं बरोबर ओळखलं होतं.

कार्ल्यालाही असंच. एकवीरा आईच्या दर्शनाला आपण सगळ्या जातो. देवळाच्या शेजारीच तो मोठा चैत्य आहे. त्याच्या भिंतीवर दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात महादेवणकाची आई भायिला आहे, घुणिकाची आई कोडी ही भिक्षुणी आहे. आजही गावात आपल्याला "अमक्याची आई" म्हणूनच हाक मारतात. पण या बायांनी मुलाच्या नावाबरोबर स्वतःचं नावही दगडावर लिहून घेतलं.

ही लेणी इथंच का खोदली? कारण खाली वाट होती. कल्याण, चौलच्या बंदरात उतरलेला माल घाट चढून देशावर यायचा. व्यापारी, भिक्षू, बैलांचे तांडे याच खोऱ्यातून जायचे. पुढे त्याच वाटेवर नजर ठेवायला लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले राखले गेले. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे आली, २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. विसापूरच्या तटावरून उत्तरेला पाहिलं की रेल्वे आणि दोन्ही रस्ते एका नजरेत दिसतात.

या घाटवाटांची एक गोष्ट तुम्ही मुलांच्या पुस्तकात वाचली असेल, उंबरखिंडीची. फेब्रुवारी १६६१. पुण्यात तळ ठोकून बसलेल्या शाहिस्तेखानानं कारतलबखानाला कोकणात धाडलं. ती फौज लोहगडाच्या बाजूनं, आपल्याच मुलखातून पुढे गेली आणि घाट उतरून उंबरखिंडीच्या दाट रानात शिरली. शिवाजी महाराजांनी पुढची वाट अडवली आणि मागचीही. पाणी नाही, हलायला जागा नाही. त्या फौजेत एक बाई सरदार होती. माहूरच्या देशमुख घराण्यातली, रायबागन हा किताब मिळालेली. तिनं खानाला सांगितलं की हा मुलूख त्यांचा आहे, शरण जा आणि माणसं वाचव. खानानं ऐकलं, दंड भरला, आणि महाराजांनी फौजेला जाऊ दिलं. ती शत्रूच्या बाजूची होती खरी, पण डोंगर वाचायची अक्कल त्या सबंध फौजेत तिलाच होती.

लोहगड महाराजांनी १६५७ मध्ये घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत आला. वरचं मोठं सोळा कोनांचं तळं नाना फडणीसांनी बांधलं. १८०० मध्ये नाना गेले. त्यांच्यामागे राहिली तरुण विधवा जिऊबाई. पुण्यात गादीसाठी भांडणं, नानांच्या पैशावर सगळ्यांचा डोळा. अशा वेळी जिऊबाईनं आसरा घेतला तो याच लोहगडावर. पुढे तिला गड सोडून पनवेलला जावं लागलं. विंचूकाट्याच्या टोकावर फोटो काढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि त्यामागोमाग लोहगडही पडला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात आपला लोहगड आहे.

आता तिकोन्यावर चढू. त्रिंबकेश्वराच्या देवळापाशी उभं राहिलं की समोर तुंग भाल्याच्या टोकासारखा उभा दिसतो आणि मध्ये पवनेचं निळं पाणी. सगळ्यांत जास्त फोटो याच जागेवरून निघतात. पण मैत्रिणींनो, ते तळं देवानं केलेलं नाही. १९७२ च्या सुमारास धरण पूर्ण झालं, आणि त्या पाण्याखाली भाताची खाचरं, घरं, पाणवठे, देवळं गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं दगडी देऊळ वर येतं. पावसाळ्यात ते पुन्हा बुडतं. आपलं पवनानगरही धरणामुळेच वाढलं, म्हणून जुनी माणसं अजून त्याला काले कॉलनी म्हणतात. ज्यांची जमीन गेली, त्यांतली कितीतरी कुटुंबं बदली जमिनीसाठी आजही मोर्चे काढतात. दोन पिढ्या त्यात गेल्या.

तुंगच्या पलीकडे, डोंगराच्या दुसऱ्या कुशीत मुळशीचं खोरं. तिथं टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते, आणि शेतकरी बायाही त्यात उतरल्या होत्या. धरण झालंच, पण जमिनीसाठी कसं उभं राहायचं हे त्या लढ्यानं शिकवलं. नव्वद वर्षांनी, ९ ऑगस्ट २०११ ला, पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध मावळचे शेतकरी बऊरजवळ महामार्गावर जमले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघं जण गेले. त्यांतली एक आपल्यासारखीच शेतकरी बाई होती.

हे सगळं सांगायचं कारण पाहुण्यांना हिणवायचं नाही. ते आले तर आपल्या भाकरीला, घरगुती जेवणाला, वाट दाखवायच्या कामाला पैसे मिळतात. पण वाट दाखवणारीला गोष्टही ठाऊक हवी. नाहीतर डोंगर आपला आणि गोष्ट सांगणारा भलताच, असं होतं.

म्हणून बचत गटांना एक काम सुचवते. पुढच्या बैठकीला गावातल्या चार म्हाताऱ्यांना बोलवा. पाण्याखाली गेलेल्या खाचरांची, वाड्यांची, झऱ्यांची, देवांची नावं त्यांच्याकडून विचारून वहीत उतरवा. कुठलं शेत कुणाचं, पाणवठा कुठं होता, बाजाराची वाट कुठून जायची, सगळं. मग एखाद्या मोकळ्या दिवशी, पाऊस नसताना, पोरीबाळींना घेऊन तिकोन्यावर चढा आणि वरून बोट दाखवून त्यांना सांगा. टाकीतलं पाणी घाण करू नका, कड्याच्या टोकाला जाऊ नका आणि प्लास्टिक खाली घेऊन या, हे पाहुण्यांना सांगतो तेच आपणही पाळू.

सामडिनिकेचं नाव दगडावर होतं म्हणून दोन हजार वर्षांनी आपल्याला कळलं. आपल्या आज्यांची नावं अजून कुठंच लिहिलेली नाहीत, आणि त्या सांगणाऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत. तेव्हा वही याच महिन्यात उघडा.